प्रयोगशाळेतून उसना आणलेला माणूस

१

काही वर्षांपूर्वी पीएच.डी.च्या एका मौखिक परीक्षेला प्रस्तुत लेखक परीक्षक म्हणून उपस्थित होता. प्रबंध दलित आत्मकथनांवरचा होता. कष्टपूर्वक लिहिलेला, संदर्भांनी भरलेला. एका प्रकरणात निवेदकाच्या बालपणी गावाने केलेल्या मानहानीचे विवेचन होते. गावातील माणसे मुळात क्रूर नव्हती, ती परिस्थितीच्या दडपणाखाली तशी वागली, असे संशोधकाने तेथे म्हटले होते. आणि आधार दिला होता तो मिलग्रॅमच्या प्रयोगाचा. सामान्य माणूस अधिकाराच्या आज्ञेपुढे शरण जातो, हे त्या प्रयोगाने 'सिद्ध झाले आहे'. पुढच्याच प्रकरणात त्याच निवेदकाच्या संतापाची मीमांसा होती. तेथे मात्र परिस्थिती नव्हती. तेथे 'न्यूनगंड' होता, 'सूडभावना' होती, 'आत्मप्रतिष्ठेची अतृप्त भूक' होती.

मी विचारले, "ज्याने अपमान केला त्याच्या वागण्याचे कारण तुम्ही त्याच्या बाहेर शोधता, ज्याचा अपमान झाला त्याच्या वागण्याचे कारण मात्र त्याच्या आत शोधता. असे का?" विद्यार्थी गप्प राहिला. उत्तर त्याच्या मार्गदर्शकांनी दिले : "मानसशास्त्र तसे सांगते."

प्रस्तुत लेख या उत्तराशी भांडण्यासाठी लिहिला आहे. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता. मराठी समीक्षेने त्याला जे वळण लावले, त्या वळणाने तो गेला. अन्य ज्ञानशाखांकडे पाहण्याची आपली एक पद्धत पडून गेली आहे. तेथून आपण प्रश्न आणत नाही, निष्कर्ष आणतो. आणि ते निष्कर्ष साहित्यकृतीवर मोहोर उठवावी तसे उठवतो. मोहोर उठली की वाचन संपते. सामाजिक मानसशास्त्राच्या बाबतीत या सवयीची किंमत अधिक मोठी आहे, कारण येथे केवळ एखाद्या कृतीचे वाचन संपत नाही, तर लेखकाचा स्वतःच्या जगण्याचा अर्थ लावण्याचा अधिकारच काढून घेतला जातो. तो साक्षीदार उरत नाही, रुग्ण होतो.

२

सामाजिक मानसशास्त्राची प्रतिज्ञा लहान नाही. व्यक्ती, व्यक्तींमधील संबंध आणि समूह या तिहींचा उलगडा एकाच शास्त्राच्या भाषेत करण्याची ती प्रतिज्ञा आहे. परंतु तिहींपैकी कशाला पायाभूत मानून उरलेल्या दोहोंचा उलगडा करावयाचा, याविषयी हे शास्त्र आरंभापासून दुभंगलेले आहे. गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ साली गर्दीचे मानसशास्त्र मांडले; गर्दीत शिरलेला माणूस आपला विवेक गमावून बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२० साली विल्यम मॅक्डूगल यांनी 'समूहमना'ची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. चारच वर्षांनी फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी ती साफ धुडकावून लावली. समूहाचे असे निराळे मानसशास्त्र नसते, जे काही असते ते व्यक्तींचेच मानसशास्त्र असते, ही त्यांची भूमिका. अमेरिकी प्रयोगशाळेने पुढे बव्हंशी ऑलपोर्ट यांचा पक्ष घेतला. प्रयोगाला ते सोयीचे होते. व्यक्तीला खोलीत बसवता येते, समूहाला बसवता येत नाही.

या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या हातून निसटली. समूहमन मानणाऱ्याने व्यक्तीला समूहात विरघळवले, व्यक्तिवाद्याने समूहाला व्यक्तींच्या बेरजेत विरघळवले. आणि 'संबंध' हा मधला शब्द दोघांच्याही हातून गळून पडला. संबंध म्हणजे दोन स्वयंपूर्ण व्यक्तींमध्ये नंतर ताणलेला दोरा, असे दोघेही मानत राहिले. संबंधामुळेच व्यक्ती व्यक्ती होते आणि समूह समूह होतो, ही शक्यता दुय्यम ठरली.

याचे एक बोलके उदाहरण आपल्याच भूमीतले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि १९३५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. प्रसाद यांच्या दृष्टीने अफवा ही कोणा एकाच्या स्मृतीतील चूक नव्हती. अनिश्चित आणि पडताळून न पाहता येणाऱ्या परिस्थितीचा अर्थ लावण्याचा तो सामूहिक प्रयत्न होता. पुढे १९४७ साली गॉर्डन ऑलपोर्ट (हे फ्लॉइड ऑलपोर्ट यांचे धाकटे बंधू) आणि लिओ पोस्टमन यांचा अफवेवरील ग्रंथ आला. त्यांच्या प्रयोगात एकजण चित्राचे वर्णन दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला. तपशील गळत जात, उरलेले टोकदार होत जात. माणसे एकमेकांशी चर्चा करीत नव्हती, प्रश्न विचारत नव्हती, शंका घेत नव्हती. गावाच्या पारावरची अफवा प्रयोगशाळेत येऊन स्मरणशक्तीची परीक्षा झाली. प्रशांत बोर्डिया आणि निकोलस डिफॉन्झो यांनी २००२ साली या इतिहासाकडे लक्ष वेधले, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा रोख हाच होता, की सामाजिक मानसशास्त्र येथे कमी सामाजिक झाले.

प्रसाद यांची सामग्री मात्र वाया गेली नाही. ती दुसऱ्याच्या सिद्धान्ताचे इंधन झाली. भूकंपाचा धक्का जाणवला पण हानी झाली नाही, अशा भागातील माणसे याहून भयंकर संकट येणार असल्याच्या अफवा का पसरवतात, या कोड्याने लिऑन फेस्टिंजर यांना पछाडले. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरड कोसळण्याच्या आपत्तीवर १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जेथे प्रत्यक्ष हानी झाली होती तेथे अशा अफवा आढळल्या नव्हत्या. या तुलनेतून फेस्टिंजर यांच्या १९५७ च्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताला चालना मिळाली : भीती वाटते आहे, पण भिण्यासारखे काही दिसत नाही, म्हणून माणूस भीतीला साजेशी बातमी शोधतो. सिद्धान्त बुद्धिमान आहे, यात शंका नाही. पण बिहारमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलून लावलेला अर्थ आता एकट्या मस्तकात चालणारा हिशेब झाला. मराठी समीक्षक बोधात्मक विसंवादाची संज्ञा वापरतो तेव्हा तिच्या मुळाशी पाटण्या-मुंगेरकडच्या माणसांचे बोलणे आहे, हे त्याला ठाऊक नसते. आपलाच माल परदेशी वेष्टनात परत येतो आणि आपण त्याला शास्त्र म्हणून नमस्कार करतो.

३

आता त्या सुप्रसिद्ध प्रयोगांकडे वळू. समीक्षेत त्यांचा संचार आहे तो एकेका वाक्याच्या रूपात. 'ॲशने दाखवले, की माणूस बहुमतापुढे झुकतो.' 'मिलग्रॅमने दाखवले, की माणूस आज्ञेपुढे झुकतो.' 'शेरीफने दाखवले, की दोन गट केले की वैर आलेच.' ही तात्पर्ये आहेत. इसापाच्या कथेखाली असतात तशी. आणि कथेच्या तात्पर्यावर समाधान मानू नये, हे तर समीक्षकाचे पहिले शिक्षण. कादंबरीचे सार सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नापास करतो. प्रयोगाचे सार सांगणाऱ्याला मात्र आंतरविद्याशाखीय म्हणून गौरवतो.

सोलोमन ॲश यांचा प्रयोग १९५०च्या दशकातला. कोणती रेघ दुसऱ्या रेघेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे. प्रयुक्ताच्या भोवतीची माणसे आधी ठरवल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देतात. अठरापैकी बारा वेळा असे घडते. या बारा प्रसंगी मिळालेल्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने चुकीची होती. पाठ्यपुस्तके येथे थांबतात. पण उरलेली सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर होती, जवळजवळ एकचतुर्थांश माणसे एकदाही झुकली नाहीत, आणि बाजूचा एक जरी माणूस खरे बोलला तरी चुकीच्या उत्तरांचे प्रमाण कोसळले, हेही त्याच प्रयोगात आहे. ॲश यांनी आपल्या अभ्यासाला नाव देताना 'स्वातंत्र्य' हा शब्द आधी आणि 'अनुसारिता' हा शब्द नंतर ठेवला होता. प्रयोगानंतर ते प्रत्येकाशी बोलले. कोणाला आपल्याच दृष्टीत दोष आहे असे वाटले होते, कोणाला खरे दिसत होते पण वेगळे पडायचे नव्हते. सर्वांची उत्तरे सारखी चुकीची. अर्थ मात्र निरनिराळे. रोनाल्ड फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली पाठ्यपुस्तके तपासून असे दाखवले, की काळ जाईल तसतशी त्यांतून स्वातंत्र्याची बाजू पुसट होत गेली आणि झुकणाऱ्यांची ठळक झाली. संहिता तीच राहिली. वाचनपरंपरेने तिचा अर्थ उलटवला. हा प्रकार ओळखायला समीक्षकाला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१च्या ऑगस्टमध्ये प्रयोग सुरू केले, तेव्हा जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू होता. 'वरून हुकूम होता' या बचावाच्या सावलीतच त्या प्रयोगाचे वाचन झाले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या अखेरच्या कळीपर्यंत गेल्याचे नमूद आहे. धक्के खोटे होते, ओरडणारा माणूस नट होता, हे सर्वज्ञात आहे. कमी ठाऊक असते ते हे, की मिलग्रॅम यांनी या प्रयोगाची अनेक रूपे करून पाहिली आणि प्रत्येक रूपात आकडा बदलला. सोबतच्या दोन 'शिक्षकां'नी नकार दिला तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. दोन प्रयोगकर्ते परस्परविरोधी बोलू लागले तेव्हा एकही गेला नाही. मग 'मिलग्रॅमने सिद्ध केले' म्हणजे यांतले कोणते? ६५ टक्के, दहा टक्के, की शून्य?

याहून महत्त्वाचे पुढेच आहे. प्रयुक्त अडखळला की प्रयोगकर्त्याने म्हणावयाची वाक्ये ठरलेली होती. सुरुवातीची वाक्ये विनंतीची किंवा प्रयोगाच्या गरजेची. शेवटचे तेवढे निखळ हुकमाचे, दुसरा पर्यायच नाही असे बजावणारे. जेरी बर्गर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पुनर्प्रयोगाच्या तपासणीत असे आढळले, की हे हुकमाचे वाक्य ऐकल्यावर एकही जण पुढे गेला नाही. आज्ञा मिळाली तेव्हा माणसे थांबली. शास्त्राचे काम म्हणून सांगितले तेव्हा चालत राहिली. ॲलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांनी यावरून म्हटले, की हे आंधळे आज्ञापालन नव्हे. आपण एका चांगल्या कार्याचे सहकारी आहोत, या जाणिवेने ती माणसे वागत होती. जीना पेरी यांनी येलच्या संग्रहातील ध्वनिफिती ऐकून २०१२ साली लिहिलेल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट पुढे आली : कित्येकांना धक्के खरे असण्याविषयीच शंका होती, आणि प्रयोगकर्ता ठरलेल्या वाक्यांवर थांबत नव्हता. खोलीतला प्रत्येक माणूस समोरच्याचा अर्थ लावत होता, वाद घालत होता, घासाघीस करत होता.

आता आपल्या प्रबंधाकडे परत या. गावातला माणूस 'परिस्थितीला शरण गेला' हे म्हणणे या प्रयोगातून निघतच नाही. निघते ते याहून कठोर आहे : तो ज्याला योग्य मानत होता, ज्या कार्याचा आणि ज्या गटाचा स्वतःला भागीदार समजत होता, त्याला अनुसरून तो वागला. म्हणजे तो उत्तरदायी आहे. उसन्या तात्पर्याने त्याला मोकळे सोडले होते. प्रयोगाचे सावध वाचन त्याला पुन्हा उभे करते.

मुझफ्फर शेरीफ यांचा ओक्लाहोमातील प्रयोग १९५४ चा. २२ मुलगे, दोन तळ, दोन गट, स्पर्धा, मग वैर, आणि शेवटी समान उद्दिष्टातून समेट. कथा कशी गोटीबंद आहे! पण तिच्या आदल्या वर्षी न्यू यॉर्क राज्यात हाच प्रयोग फसला होता. मुले आधी एकमेकांची मित्र झाली होती. नंतर त्यांचे गट पाडले, कुरापती काढल्या, तरी ती भांडेनात. उलट मोठ्या माणसांवरच त्यांचा संशय बळावला. तो प्रयोग अर्ध्यावर गुंडाळावा लागला आणि पाठ्यपुस्तकातल्या कथेत त्याला जागा मिळाली नाही. पेरी यांनी २०१८ साली ती हकिकत सविस्तर मांडली. मैत्रीचे नाते आधी जुळले असेल तर गटाची रेघ ओढूनही वैर उपजत नाही, हा निष्कर्ष कमी मोलाचा होता काय? तो अपयश म्हणून बाजूला ठेवला गेला, कारण कथेला वैर हवे होते. फिलिप झिम्बार्डो यांच्या १९७१च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगाविषयीही थिबो ल तेक्सिए यांनी असेच दाखवले आहे : रक्षक आपोआप क्रूर झाले असे जे सांगितले जाते, त्यामागे त्यांना आधीच दिलेल्या सूचना होत्या.

शास्त्राने आपली झाडाझडती घेतली, हे त्याचे भूषणच आहे. केनेथ गर्गेन यांनी १९७३ सालीच सामाजिक मानसशास्त्र हे इतिहासासारखे शास्त्र आहे, कालातीत नियमांचे नव्हे, असा युक्तिवाद केला होता. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष निघाले होते. पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. मानसशास्त्रज्ञ स्वतः 'सिद्ध झाले' म्हणायला कचरतात. आणि साहित्याचा प्राध्यापक ते बेधडक म्हणतो.

४

मग समीक्षेने या शास्त्राच्या वाटेला जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. कसे जावे, याचे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि ते आपण विसरलो आहोत.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. या निबंधात त्यांनी गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा उपयोग केला आहे. तार्द हे त्या काळच्या सामाजिक मानसशास्त्राचे एक अध्वर्यू. अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर वाढेल तसतसे क्षीण होते, हे त्यांचे नियम. जातीबाहेर विवाह न करण्याची ब्राह्मणांची रीत इतर वर्गांत कशी पसरली, हे सांगण्यासाठी आंबेडकर ते नियम वापरतात.

पण ते तेथे थांबत नाहीत, आणि प्रस्तुत लेखाला महत्त्वाचे वाटते ते हेच. वर्ग बंदिस्त का झाले, या प्रश्नाला त्यांनी दोन उत्तरे दिली आहेत. काहींनी दार लावून घेतले; काहींना ते आपल्यावर लावलेले आढळले. पहिल्या उत्तराला ते मानसशास्त्रीय म्हणतात, दुसऱ्याला यांत्रिक. आणि दोन्ही एकमेकांना पूरक मानतात. म्हणजे मनाने जेवढे उलगडते तेवढे मनाने उलगडायचे, पण दाराबाहेर राहिलेल्याच्या स्थितीचे कारण त्याच्या मनात शोधायचे नाही. ज्याने दार लावले त्याच्याविषयी मानसशास्त्र बोलेल. ज्याच्यावर लावले गेले त्याच्याविषयी आधी दार बोलेल. आपल्या प्रबंधात हे नेमके उलटे झाले होते : दार लावणाऱ्याला परिस्थिती, बाहेरच्याला मन.

निबंधातला आणखी एक मुद्दा आहे. एकटी जात ही अस्तित्वातच नसते. जाती असतात त्या अनेकवचनातच. समूह हा आधी तयार होऊन मग दुसऱ्या समूहाशी संबंध जोडतो असे नाही. संबंध हीच त्याची घडण. सामाजिक मानसशास्त्राला या ठिकाणी यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. हेन्री ताइफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत पडले, परतले तेव्हा घरची माणसे उरली नव्हती. पुढे ब्रिस्टल येथे त्यांनी शाळकरी मुलांचे क्षुल्लक कारणाने गट पाडले. एका प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या चित्रांच्या पसंतीचे निमित्त केले. मुलांना स्वतःला काही मिळणार नव्हते, केवळ इतरांना पैसे वाटायचे होते. तरी ती आपल्या गटाला झुकते माप देत. त्याहून विलक्षण हे, की आपल्या गटाला एकंदर थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा अधिक मिळावे, असा कौल मुले पुष्कळदा देत. १९७० आणि १९७१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाभापेक्षा अंतर मोलाचे! भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. पण ताइफेल यांचे दोन गट एका पातळीवरचे होते. आंबेडकरांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तीत प्रत्येकाच्या वर कोणीतरी आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते. प्रयोगशाळेत ही उतरंड बसत नाही. निर्वातातल्या प्रयोगांविषयी ताइफेल यांनी स्वतःच १९७२ साली इशारा दिला होता.

५

आता साहित्यकृतींकडे येऊ. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ चे. यांच्या शीर्षकांकडे पाहा. 'बलुतं' हा शब्द माणसाचे वर्णन करीत नाही. गावाने त्याच्याशी ठरवलेला व्यवहार सांगतो. उपरा एकटा असू शकत नाही; कोणीतरी घरचा असल्याखेरीज कोणी उपरा ठरत नाही. बारा माशांचा तोळा पूर्ण मानला तरच अकरा माशांचा माणूस उणा भरतो; उणेपण वजन करणाऱ्याच्या तराजूत आहे. आणि 'आमुचं' हे तर उघड उघड नात्याचे रूप. या लेखकांनी आपल्या ग्रंथांना व्यक्तीची नावे दिली नाहीत, भावनांचीही दिली नाहीत, नात्यांची दिली. आपण पहिल्या पानाआधीच चुकतो, कारण मुखपृष्ठ वाचत नाही.

'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो. एकच माणूस दोन नावांनी समोरासमोर बसतो. न्यूनगंडाची संज्ञा हाताशी असलेला समीक्षक येथे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व पाहतो. वस्तुतः ही दोन नावे म्हणजे दोन पत्ते आहेत : एकावर गावाची हाक येते, दुसऱ्यावर पांढरपेशा शहराची. भेग माणसाच्या मनात पडलेली नाही. ती दोन हाकांच्या मध्ये आहे, आणि माणूस त्या भेगेवर उभा राहून दोन्हीकडे पाहतो आहे. हे पाहणे म्हणजे आजार नव्हे. ते विश्लेषण आहे, आणि बहुधा आपल्या विश्लेषणाहून सरस.

याच्या उलटचे वाचनही तितकेच घातक आहे, आणि ते सहानुभूतीच्या बाजूने येते. या वाचनात आत्मकथन म्हणजे समाजाचा दस्तऐवज. लेखक समूहाच्या वतीने बोलतो, म्हणून त्याचा स्वतःचा आवाज, त्याची रचना, त्याचा विनोद, त्याचे स्वतःच्या माणसांशी असलेले भांडण यांना जागा नाही. 'जिणं आमुचं'मधील 'आम्ही' अशा समीक्षकाला एकसंध वाटते. पण बेबी कांबळे यांनी त्याच 'आम्ही'च्या आत बाईवर होणारा जुलूम दाखवला आहे. तो 'आम्ही' आतून ताणलेला आहे. ऑलपोर्ट आणि मॅक्डूगल यांचा जुना वाद आपण नकळत मराठीत खेळतो आहोत : एकजण समूहाला मनात कोंबतो, दुसरा मनाला समूहात बुडवतो. नाते दोघांच्याही दृष्टीबाहेर राहते.

न्यूनगंड हा शब्द किती फसवा आहे, हे सांगणारा एक अभ्यास कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केला व २००६ साली प्रसिद्ध केला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. सर्वांसमोर जाती वाचून दाखवल्या तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्यांची कामगिरी घसरली. याने काही कायमचे सिद्ध झाले असे म्हणून मी माझ्याच म्हणण्याला सुरुंग लावणार नाही. पण समीक्षकाने स्वतःला एवढे विचारावे : जो 'गंड' नाव उच्चारताच दिसतो आणि न उच्चारता दिसत नाही, तो मुलाच्या आत आहे असे म्हणण्यास आधार काय? तो उच्चारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये आहे.

६

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. 'नाते' हा शब्द तरी कोठे इतका नेमका आहे? एका मोहोरेऐवजी ही दुसरी मोहोर नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तरही व्यवहारातले देतो. नात्यापासून आरंभ करणारी समीक्षा काही साधे प्रश्न विचारील. संहितेत कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, आणि ती हाक केव्हा बदलते? दार कोणी लावले आणि ते बंद असल्याचे कोणाला आढळले? 'आम्ही' या शब्दाची कक्षा कोठे रुंदावते, कोठे आक्रसते? आणि सर्वांत महत्त्वाचे : विवेचन करताना आपण स्वतः कोणाच्या कृतीला बाहेरचे कारण देतो आणि कोणाच्या कृतीला आतले? शेवटचा प्रश्न संहितेला नाही, समीक्षकाला आहे. तो टाळून केलेले विवेचन कितीही शास्त्रीय परिभाषेत असले तरी ते शास्त्र नव्हे.

दुसरा आक्षेप असा येईल, की लेखकाच्या मनाविषयी बोलण्याची मग बंदीच झाली. बंदी नाही. मन आहे, जखमही आहे. ती नाकारणे ही आणखी एक मानहानी ठरेल. परंतु जखमेचे वर्णन करताना शस्त्राचा उल्लेख गाळणारा वैद्य आपल्याला चालणार नसेल, तर तसा समीक्षकही चालू नये.

त्या मौखिक परीक्षेतले उत्तर माझ्या मनातून गेले नाही. "मानसशास्त्र तसे सांगते." त्या दिवशी मी काही बोललो नाही, विद्यार्थ्याची पदवी पणाला लागली होती. आज मात्र सांगितले पाहिजे. मानसशास्त्र तसे सांगत नाही. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याच्या आपल्या ओढीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत कारणारोपण-दोष असे नाव दिले. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ साली तो गटांना लावून दाखवला : आपल्या गटातल्या माणसाचे वाईट वागणे आपण परिस्थितीवर ढकलतो, परक्या गटातल्याचे त्याच्या प्रकृतीवर. या प्रवृत्तीची चर्चा त्यांनी पूर्वग्रहाच्या अभ्यासात केली आहे. कुसळ आणि मुसळ यांची म्हण आपल्याकडे होतीच.

म्हणजे त्या प्रबंधात गावकऱ्याला परिस्थिती आणि निवेदकाला न्यूनगंड अशी जी वाटणी झाली होती, तिला सामाजिक मानसशास्त्राचा आधार नव्हता. ती सामाजिक मानसशास्त्राने अभ्यासावी अशी वस्तू होती. आपण गावकऱ्याच्या गटात बसून लिहीत होतो, आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते.